आगगाडीच्या जुन्या वाटेने बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांत

फ्रान्समधील द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात मोटारींच्या वर्दळीपासून दूर राहून सायकलने प्रवास करू इच्छिणाऱ्याला प्रथम एक शब्द शिकावा लागतो : ‘व्हुआ व्हेर्त’, म्हणजे हरित मार्ग. हा शब्द केवळ पर्यटन खात्याच्या जाहिरातीतला नाही. २००४ साली तो फ्रान्सच्या वाहतूक संहितेत दाखल झाला आणि तेव्हापासून त्याला निश्चित कायदेशीर अर्थ आहे. पादचारी, घोडेस्वार आणि इंजिनाविना चालणारी वाहने यांच्यासाठीच राखून ठेवलेला तो रस्ता होय. याउलट, रस्त्याच्या कडेला पांढरा पट्टा ओढून आखलेली सायकल-मार्गिका किंवा तुरळक वाहतुकीच्या ग्रामीण रस्त्यांवरून फलक लावून दाखवलेला सायकल-मार्ग, या दोन्ही गोष्टी वेगळ्या. नकाशावर ही सगळी जाळी एकाच रंगात रंगवलेली दिसतात. लहान मुले बरोबर असतील, तर हा भेद निघण्यापूर्वीच तपासून घेतलेला बरा.

या प्रकारच्या मार्गांचा आरंभ बर्गंडीत झाला. सोन-ए-ल्वार जिल्ह्यातील झिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरांचा पट्टा १९९७ साली खुला झाला आणि फ्रान्सचा पहिला हरित मार्ग म्हणून तो ओळखला जातो. येथून पूर्वी आगगाडी धावत असे. गाडी बंद पडली, रूळ उखडले गेले, पण रुळांखालची जमीन एकसंध राहिली. या साऱ्या कथेतील कळीची गोष्ट हीच आहे. बंद झालेल्या लोहमार्गाची जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली, एखादा पूल पाडला गेला किंवा मध्येच कोणी घर बांधले, की उरलेल्या पट्ट्याला वाट म्हणून काही किंमत राहत नाही. युरोपात असे कितीतरी मार्ग झुडपांत हरवले. येथे मात्र जिल्हा प्रशासनाने ती सलगता जपली, तिच्यावर डांबर घातले आणि ती लोकांना चालायला दिली.

आगगाडीची वाट सायकलस्वाराला इतकी मानवते याचे कारण उघड आहे. इंजिनाला तीव्र चढ सोसत नाही. त्यामुळे अभियंत्यांनी टेकड्या खोदून, सखल भागांत भराव घालून, वळणे लांबवून ही रेषा आखली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी वाफेसाठी केलेले ते श्रम आज साठीतल्या गुडघ्यांच्या कामी येतात.

पण येथेच एक पेच आहे आणि प्रवासवर्णने तो सहसा सांगत नाहीत. आगगाडीला सपाटी हवी, तर द्राक्षवेलीला उतार हवा. चुनखडीच्या उतारावर पाणी साचत नाही, पूर्वेकडचे ऊन लवकर मिळते आणि वसंतातील रात्री थंड, जड हवा खाली दरीत उतरून जाते. एप्रिल २०२१ मधील हिमदवाने फ्रान्सभर कोवळे कोंब जळाले. वेली वाचवण्यासाठी शेतकऱ्यांनी मळ्यांतून रात्रभर मेणबत्त्या पेटवून ठेवल्या होत्या. दरीच्या तळाशी वेल लावणे का टाळतात, हे अशा रात्री कळते. परिणामी, संपूर्ण निर्वाहन असलेली वाट बहुतेक ठिकाणी मळ्यांच्या पायथ्याशी धावते; मळे वर, हाताच्या अंतराच्या पलीकडे राहतात.

झिव्री ते ब्युसी हा आरंभीचा टप्पा त्यातल्या त्यात अपवाद. कोत शालोनेझ या उतारांच्या पायथ्याने जाताना वेली अगदी वाटेलगत येतात. झिव्रीची ओळख प्रामुख्याने पिनो न्वार या काळ्या द्राक्षाच्या तांबड्या वाइनसाठी, तर ब्युसीलगतच्या मोंतान्यी या नामांकनाखाली केवळ शार्दोनेची पांढरी वाइन होते. ब्युसीतील उत्पादकांची सहकारी संस्था १९३१ ची. बर्गंडी म्हटले की आपल्याकडे लिलावात लाखोंना जाणाऱ्या बाटल्या आठवतात. पण या भागात लहान शेतकऱ्याने आपले द्राक्ष सहकारी तळघरात घालायचे आणि तेथूनच वाइन विकायची, ही रीत भक्कम आहे. साखर कारखान्यांच्या परिसरात वाढलेल्या मराठी माणसाला ती परकी वाटू नये.

ब्युसीच्या पुढे सँ-झांगूपर्यंत मळे हळूहळू विरळ होतात. त्यानंतर वाट ग्रोन नदीच्या खोऱ्यात शिरते आणि देखावा बदलतो : कुंपणाची झुडपे, ओलसर कुरणे आणि त्यांत चरणारी शारोले जातीची पांढरी गुरे. मळ्यांतून प्रवास करायचा म्हणून आलेला मनुष्य येथे थोडा खट्टू होतो. त्याने होऊ नये. कोर्मातँ येथील सतराव्या शतकाच्या आरंभीचा वाडा आणि त्याची सोनेरी नक्षीची दालने याच टप्प्यात आहेत. जवळच्या टेकडीवर तेझे आहे. १९४० साली ब्रदर रॉजे यांनी तेथे वास्तव्य सुरू केले आणि पुढे विविध ख्रिस्ती पंथांतील बंधूंचा समुदाय उभा राहिला. उन्हाळ्यात जगभरातील तरुण तेथे येतात.

क्लुनीला एक दिवस तरी द्यावा. ९१० च्या सुमारास स्थापन झालेल्या येथील मठाचे तिसरे चर्च, रोममधील नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत, ख्रिस्ती जगतातील सर्वांत मोठे होते. राज्यक्रांतीनंतर मठ विकला गेला आणि कित्येक वर्षे त्याचा दगडांची खाण म्हणून वापर झाला. आज एक मनोरा आणि आडव्या दालनाचा एक भाग एवढेच उभे आहे. बाकीचा आकार मोकळ्या जागेवरून मनात रचावा लागतो. मध्ययुगातील बर्गंडीत मळे लावण्यात आणि जोपासण्यात मठांचा मोठा वाटा होता. त्यामुळे हे थांबणे विषयांतर मुळीच नाही.

क्लुनीच्या दक्षिणेस ब्वा क्लेरचा रेल्वे बोगदा येतो, सुमारे १,६०० मीटर लांबीचा. आत दिवे आहेत, तरी भर उन्हाळ्यातही गारवा इतका की अंगावर काही जाडसर हवेच. हिवाळ्यात तो बंद ठेवतात, कारण तेथे वटवाघळे शीतनिद्रा घेतात. अशा वेळी खिंडीवरून जाणारी चढाची वाट धरावी लागते. बोगद्यापलीकडे माकोंचा प्रदेश. पुन्हा वेली दिसू लागतात आणि पुढे सोल्युत्रेचा उंच कडा क्षितिजावर उभा राहतो. त्याच्या पायथ्याशी पुयी-फुइसेची पांढरी वाइन पिकते. १९८१ साली सुरू झालेला पॅरिस-लिओं द्रुतगती लोहमार्ग याच मुलखातून जातो. क्लुनीला मात्र आता एकही गाडी थांबत नाही.

थेट वेलींमधून जायचेच असेल, तर उत्तरेस बोन ते साँतने ही ‘मळ्यांची वाट’ आहे. पोमार, व्होलने, मेर्सो, प्युलिन्यी-मोंराशे ही नावे बाटल्यांवर वाचलेली असतात. येथे ती गावांच्या पाट्यांवर भेटतात. या उतारांवरील मळ्यांच्या सूक्ष्म वाटण्यांना, ज्यांना ‘क्लिमा’ म्हणतात, २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले. पण ही वाट पूर्णपणे निर्वाहन नाही. मळ्यांत काम करणाऱ्यांची वाहने आणि वेलींच्या ओळीवरून चालणारे उंच पायांचे ट्रॅक्टर तिच्यावरून जातात, आणि पहिला हक्क त्यांचाच. चढउतारही बऱ्यापैकी आहेत. साँतनेहून पुढे कालव्याच्या काठाने शालाँ-स्युर-सोनपर्यंत सपाट येता येते. तेथून झिव्री जवळच असल्याने दोन्ही प्रवास जोडता येतात. आमच्या मते ज्याच्याकडे चार-पाच दिवस आहेत त्याने नेमके हेच करावे.

बोर्दोच्या बाजूला असाच एक जुना लोहमार्ग आहे : बोर्दोपासून क्रेओंवरून सोव्हतेर-द-गियेनपर्यंत, पन्नास किलोमीटरांहून अधिक. १९३७ ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या रॉजे लापेबी यांचे नाव त्याला दिले आहे. गिअर बदलण्याच्या यंत्रणेस शर्यतीत सर्वांना मुभा मिळाली ती त्याच वर्षी. या वाटेवर झाडी दाट आहे आणि वेलींचे दर्शन, पुन्हा, अधूनमधून.

हंगामाचा विचार करताना जुनी पुस्तके जपून वाचावीत. बोन येथील द्राक्षतोडणीच्या तारखांची मालिका १३५४ पासून उपलब्ध आहे. तिच्या अभ्यासातून दिसते की १९८८ नंतर तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस अगोदर होऊ लागली. सप्टेंबरच्या उत्तरार्धात तोडणी पाहू म्हणून गेल्यास कित्येकदा वेली रिकाम्या भेटतात. मे-जून हा काळ सायकलला अधिक सुखाचा. ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि आगगाडीच्या वाटेवर सावली सर्वत्र नसते.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. शालाँ आणि माकों ही दोन्ही स्थानके लिओं-दिजों मार्गावर असून प्रादेशिक गाड्यांतून सायकल नेता येते. द्रुतगती गाड्यांचे नियम कडक असतात, तेथे घडी घालून पिशवीत किंवा आगाऊ आरक्षण करून. बारा वर्षांखालील मुलांना शिरस्त्राण सक्तीचे आहे. खेड्यांतील दुकाने दुपारी बंद होतात, सोमवारी पुष्कळदा दिवसभर. पाणी आणि पाव सकाळीच घेऊन ठेवावेत. आणि रक्तातील मद्याची प्रतिलिटर अर्धा ग्रॅम ही मर्यादा फ्रान्समध्ये सायकलस्वारालाही लागू आहे. तळघरात चव घेताना घोट थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. ते वापरणे तेथे अशिष्ट मानत नाहीत; जाणकारही तेच करतात.