पाटी आणि पाटीवाली

आपल्या दौंड-मनमाड मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना गार्डच्या डब्यात मालाची जागा असते. माल पार्सल ऑफिसात नोंदवायचा. तो तिथं, आपण दुसऱ्याच डब्यात.

मुंबईच्या लोकलची तऱ्हा वेगळी. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला धावली. लोकल स्टेशनात काही सेकंदच थांबते. पार्सल चढवायला वेळ कुठला? म्हणून मालडब्यात पाटी आणि पाटीवाली एकत्रच. बाकं भिंतीला, मधे मोकळी जागा. कोळणी, भाजीवाल्या, डबेवाले यातूनच जातात.

मध्य रेल्वेनं २०२५ मध्ये एका लोकलचा मधला मालडबा ज्येष्ठ नागरिकांसाठी केला. थकलेल्यांना जागा हवीच, आम्हालाही ते पटतं. पण सत्तरीची कोळीण मासळीची पाटी घेऊन कुठल्या डब्यात चढणार?