डिझेल व्हॅनची ‘लंगडी’ चाल : दोष सेन्सरचा की तारेचा?

बिलोली हे तालुक्याचे ठिकाण असले, तरी गावाला रेल्वे नाही. जवळचे स्थानक धर्माबादचे. नांदेडचे रुग्णालय असो, देगलूरची बाजारपेठ असो वा मांजरेपलीकडचे तेलंगणातील बोधन असो, सारी भिस्त रस्त्यावरच. शाळेची मुले नेणारी, वऱ्हाड वाहणारी आणि वेळप्रसंगी रुग्णवाहिका होणारी डिझेल व्हॅन अशा रस्त्यावर एकाएकी जोर सोडते. कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग चाळीस-पन्नासच्या पुढे जात नाही आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला असतो. चालक म्हणतात, ‘गाडी ओढत नाही.’ वाहन अभियंते याला ‘लिम्प मोड’, म्हणजे लंगडी चाल, म्हणतात.

हा इंजिनाचा आजार नसून त्याने स्वतःच्या बचावासाठी घेतलेला निर्णय असतो. इंजिनावर देखरेख करणाऱ्या संगणकाला, म्हणजे ‘ईसीयू’ला, एखाद्या सेन्सरकडून आलेली माहिती अविश्वसनीय वाटली, की तो डिझेल कमी करतो, टर्बोचा दाब उतरवतो आणि इंजिनाचे फेरे साधारण अडीच-तीन हजारांवर रोखतो. गाडी घरी किंवा गॅरेजपर्यंत पोहोचावी, पण इंजिन फुटू नये, एवढाच त्यामागील हेतू. संगणकाने तक्रार नोंदवली म्हणजे सेन्सर निकामी झाला, असे मात्र नव्हे. नेमकी येथेच गल्लत होते आणि वाहनमालकाचे हजारो रुपये चुकीच्या सुट्या भागावर खर्च होतात.

जुन्या डिझेल इंजिनात हा प्रश्नच नव्हता. तेथे यांत्रिक पंप होता. मिस्त्री एकेका नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर काम करीत नाही, ते कानाने ओळखीत. ‘कॉमन रेल’ तंत्र 1997 मध्ये युरोपातील मोटारींत आले आणि पुढील दशकात भारतातही रुळले. ‘भारत स्टेज-4’ हे प्रदूषणाचे निकष 1 एप्रिल 2017 पासून देशभर, तर ‘भारत स्टेज-6’ 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले आणि तालुक्याच्या गॅरेजमध्येही संगणकनियंत्रित इंजिने येऊ लागली. या इंजिनांत रेलमधील दाब 1600 बारपर्यंत, काहींत त्याहूनही अधिक असतो. चालू इंजिनावर नट सैल करण्याची जुनी सवय येथे जिवावर बेतू शकते. डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

कोड काय सांगतो?

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला, की एक अक्षर आणि चार आकडे असा कोड मिळतो. ‘पी 0299’ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी, ‘पी 0087’ म्हणजे रेलमधील दाब कमी, ‘पी 0401’ म्हणजे ‘ईजीआर’मधून जाणारा वायू अपुरा. यांतील एकही कोड ‘अमुक भाग बदला’ असे सांगत नाही; तक्रार कोणत्या यंत्रणेतून आली, एवढेच तो सांगतो. म्हणूनच कोड पुसण्याची घाई करू नये. त्या क्षणी फेरे, वेग, तापमान आणि दाब किती होता, याची नोंदही संगणकाने ठेवलेली असते. चढावर, भरल्या गाडीत दिवा लागला की उभ्या गाडीत, यावरून निम्मे निदान होते. कोड पुसला, की ही नोंदही गेली.

स्कॅनरवरील आकडे तपासण्याची सोपी वेळ म्हणजे सकाळ, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरची. चावी फिरवावी, पण इंजिन सुरू करू नये. थंड गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. त्यातील एक उणे 40 अंश दाखवीत असेल, तर मराठवाड्यात एवढी थंडी पडलेली नसून सेन्सरची तार तुटलेली आहे किंवा कपलर सुटलेला आहे! हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरलाही हाच न्याय लावता येतो. हा भाग समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे बंद इंजिनावर आकडा 97 किलोपास्कलच्या जवळपास हवा. तो 60 किंवा 130 दाखवीत असेल, तर दोष टर्बोत शोधण्यात अर्थ नाही.

यानंतर काम साध्या मल्टिमीटरचे. अनेक सेन्सरना संगणकाकडून 5 व्होल्टचा पुरवठा होतो आणि तो काही वेळा दोन-तीन सेन्सरमध्ये वाटलेला असतो. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला, की बाकीचेही खोटे बोलू लागतात आणि स्कॅनरवर कोडांची माळ लागते. अशा वेळी एकेक कपलर काढून पाहावा. ज्याला काढताच 5 व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार. ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये मुद्दाम दोन सेन्सर बसवलेले असतात. बहुतेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतो. हे प्रमाण बिघडले, की संगणक गाडीला लगेच लंगडी करतो. कारण पुष्कळदा कपलरमधील हिरवट गंज एवढेच असते. उंदराने कुरतडलेली वायर आणि सैल अर्थिंग हीदेखील नेहमीची कारणे.

धुळीचा वाटा वेगळा सांगायला हवा. मांजरा नदीच्या वाळूची वाहतूक आणि शेतरस्ते यांमुळे एअर फिल्टर लवकर भरतो. हवेचे वजन मोजणाऱ्या सेन्सरवर धुळीचा थर बसला, की तो हवा कमी दाखवतो आणि संगणक डिझेल आखडता घेतो. त्याचा कपलर काढून गाडी चालवून पाहिली आणि ती सुधारली, तर संशय बळावतो. सेन्सर त्यासाठीच्या स्प्रेने धुवावा. त्याला कापडाने पुसू नये.

टर्बोचा कोड आल्यास इंटरकूलरच्या रबरी पायपाकडे आधी पाहावे. त्याला चीर असेल, तर जोर दिल्यावर हवेचा फुसकारा ऐकू येतो आणि सांध्यावर तेलकट डाग दिसतो. त्यानंतर व्हॅक्यूमची बारीक नळी आणि टर्बोची अडकलेली दांडी. रेलच्या दाबाची तक्रार असल्यास डिझेल फिल्टर, इंधनातील पाणी, पाइपमधून शिरणारी हवा आणि इंजेक्टरच्या परतीच्या नळीतून अधिक परत येणारे डिझेल या क्रमाने तपासावे. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारखी बाटली लावली, तर एकच बाटली लवकर भरते, ती कोणती हे कळायला दोन मिनिटे पुरतात. दाबाचा सेन्सर सर्वांत शेवटी. किमतीने तो जड, आणि दोषी बहुधा नसतो.

नव्या गाड्यांत काजळीचा फिल्टरही असतो. गावातल्या गावात फिरणारी व्हॅन पुरेशी तापत नाही, काजळी जळत नाही आणि शेवटी इंजिनाचा जोर कापला जातो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगात वीस-पंचवीस मिनिटे गाडी नेल्यास हे बरेचसे टळते. युरियाची टाकी असलेल्या गाड्यांत ती रिकामी ठेवणे हेही लंगडीचे एक कारण. हा फिल्टर किंवा ‘ईजीआर’ बंद करून देणारे ‘स्वस्त’ इलाज गॅरेजच्या गप्पांत ऐकू येतात. ते बेकायदा आहेत आणि गाडीची तपासणी आली, की महागात पडतात.

वाटेत पिवळा दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन चावी बंद करावी आणि काही मिनिटांनी पुन्हा सुरू करावी. तात्पुरता दोष असल्यास जोर परत येतो; मात्र कोड नोंदलेला राहतो. तो तपासून घ्यावा. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर मात्र गॅरेजपर्यंत रेटू नये. रुग्ण असल्यास त्यास दुसऱ्या वाहनात हलवावे. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी भरल्या वजनाने, ज्या चढावर दिवा लागला होता त्याच चढावर नेऊन पाहावी. गॅरेजच्या दारात उभ्या गाडीचा दिवा विझला, एवढ्यावर पैसे देऊ नयेत.