काठ, कंठ आणि कवडी : चिकोडी परिसरातील रक्षक अलंकार

कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या खोऱ्यातला चिकोडी-निपाणीचा मुलूख राजकीय इतिहासात हातबदलाचा मुलूख म्हणून ओळखला जातो. पेशवाईच्या अखेरीस चिकोडी आणि मनोळी हे दोन तालुके इंग्रजांनी कोल्हापूरच्या छत्रपतींना दिले आणि सुमारे दशकभरात परत काढून घेतले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ हा प्रदेश मुंबई इलाख्याच्या बेळगाव जिल्ह्यात राहिला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस केली, पण तीही कागदावरच राहिली. या ओढाताणीत शाळेच्या माध्यमापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सगळ्यालाच बाजू घ्यावी लागली; मात्र लुगड्याचा काठ, गळ्यातला ताईत, बाळाच्या मनगटातले काळे मणी आणि बैलाच्या मानेवरची कवड्यांची माळ यांना कोणतीही बाजू घ्यावी लागली नाही, कारण त्यांचा अर्थ मराठीत किंवा कानडीत सांगितला जात नव्हता, तो बांधण्याच्या जागेत आणि वेळेत होता.

लोककलेतील चिन्हांविषयी लिहिताना प्रत्येक आकृतीपुढे तिचा अर्थ मांडून कोष्टक तयार करण्याची सवय अभ्यासकांना जगभर लागलेली दिसते, आणि तिचे सर्वात ठळक उदाहरण युक्रेनच्या भरतकामाचे आहे. ओलेना प्चिल्का या लेखिकेने १८७६ साली कीव्ह येथे युक्रेनी लोकालंकरणाचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रशियन साम्राज्याने युक्रेनी भाषेतील छपाईवर कडक निर्बंध घातले, आणि बोलण्या-छापण्यावर बंधन आलेल्या समाजात सदऱ्यावरचे भरतकाम हळूहळू राष्ट्रीयत्वाची खूण बनले. पुढे विसाव्या शतकात आम्ब्रोझ आणि रिबाकोव्ह यांच्यासारख्या सोव्हिएत पुरातत्त्वज्ञांनी त्या नक्षीतील चौकटीच्या आकृतीचा, म्हणजे आत रेघा आणि ठिपके असलेल्या समभुज चौकोनाचा, अर्थ पेरलेले शेत आणि सुपीकता असा लावला. हे वाचन मोहक असले तरी खेड्यातल्या बायकांनी त्याच नक्ष्यांना दिलेली नावे ओकची पाने, हॉप्सचा वेल, मेंढ्याची शिंगे अशी साधी, डोळ्यांसमोरची आहेत. अर्थाच्या कोष्टकापेक्षा तिथली एक रीत अधिक बोलकी आहे : भरतकाम गळ्याभोवती, मनगटाशी, खांद्याच्या जोडावर आणि खालच्या किनारीवर येते, म्हणजे जिथे कापड संपते आणि अंग उघडे पडते तिथे, कारण वाईट नजर किंवा बाधा शिरायची तर ती त्याच वाटेने शिरेल अशी समजूत होती.

चिकोडीच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या विकले गेलेले इरकल लुगडे याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बागलकोट जिल्ह्यातील इलकल गावी विणल्या जाणाऱ्या या लुगड्याचे अंग बहुधा साधे किंवा बारीक चौकड्यांचे, गडद निळे, हिरवे अथवा डाळिंबी असते. नक्षीचा सारा भर काठावर आणि पदरावर असतो. पदराचे लाल रेशमी ताणे अंगाच्या ताण्यांना फासे घालून वेगळे जोडतात, आणि या जोडकामाला व त्यातून तयार होणाऱ्या लाल-पांढऱ्या पदराला ‘टोपी-तेनी’ असे नाव आहे. त्या पदरावर कंगव्याच्या दात्यांसारखी, किल्ल्याच्या तटासारखी आणि ज्वारीच्या कणसासारखी अशा घाटांची पांढरी नक्षी उतरते. काठांना गोमी, परासपेटी, रुईफूल अशी नावे आहेत. तटबंदी आणि कणीस ही चिन्हे डोक्यावर घेतल्या जाणाऱ्या पदरावर यावीत, हे काळ्या मातीत ज्वारी पिकवणाऱ्या आणि लष्करांच्या वाटेवर राहणाऱ्या प्रदेशाला साजेसेच आहे, पण म्हणून विणकराने संरक्षणाचा मंत्र विणला असे म्हणणे धाडसाचे ठरेल. निश्चित सांगता येते ते एवढेच की लग्नात, डोहाळजेवणात आणि देवीच्या ओटीत साध्या पदराचे लुगडे चालत नसे. या प्रसंगी काठपदराचेच लागे, आणि त्याच्याबरोबर गुळेदगुड्डच्या खणाची त्रिकोणी घडी, नारळ, हळकुंड आणि तांदूळ लागत. सौंदत्तीच्या यल्लम्मेची, चिंचलीच्या मायाक्काची किंवा कोल्हापूरच्या अंबाबाईची ओटी भरताना हा खण एकच असतो. बाई गाऱ्हाणे कोणत्या भाषेत घालते याने त्यात फरक पडत नाही.

विणकामात जे महत्त्व काठाला मिळते ते हाताच्या कामात कसुतीला मिळते. धारवाड, बेळगाव, विजापूर भागातील या भरतकामात कापडावर आधी आकृती काढत नाहीत, कापडाचे धागे मोजून टाके घालतात आणि गाठ मारत नाहीत. तिचे चार टाके प्रसिद्ध आहेत : गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी. गवंतीत सुई एकाआड एक धागे सोडत शेवटपर्यंत जाते आणि त्याच वाटेने परत येताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरते, त्यामुळे कापडाच्या दोन्ही अंगांना तीच रेघ दिसते. मुर्गीत हीच रीत पायऱ्यापायऱ्यांनी चालते. नेगीचा टाका विणकामासारखा दिसतो आणि मेंथीचा फुलीचा टाका जागा भरण्यासाठी वापरतात. देवळाचे गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, नंदी या कसुतीतल्या ठरलेल्या आकृती काळ्या चंद्रकळेवर भरून ती लग्नाच्या कपड्यांत देण्याची प्रथा होती. शुभकार्यात काळा रंग एरवी वर्ज्य मानणाऱ्या समाजाने नव्या सुनेला काळे लुगडे द्यावे, यातला विरोध वरवरचा आहे, कारण काळे हे दृष्ट अडवणारे आणि त्यावरची देवळे-वृंदावने तिला आशीर्वाद देणारी, असे ते एकत्र येणे होते.

कंठाशी आले की विषय अधिक गुंतागुंतीचा होतो. कोल्हापुरी साज हा या सगळ्या टापूचा दागिना. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, कागल इथल्या अनेक घरांत तो मंगळसूत्राच्या बरोबरीने किंवा त्याच्या जागी सौभाग्याची खूण म्हणून घातला जाई. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून पान उठवायचे, त्याच्या पोकळीत लाख भरून मागची बाजू बंद करायची आणि अशी पाने जवाच्या आकाराच्या मण्यांनी एकमेकांना जोडायची, अशी त्याची घडण असल्यामुळे कमी सोन्यात भरघोस दिसणारा आणि शेतकरी कुटुंबाला झेपणारा दागिना तयार होई. पूर्ण साजात एकवीस पाने मानतात, रोजच्या वापरातला साज कमी पानांचा असतो. या एकवीस पानांचा अर्थ सांगताना दहा पाने दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईताचे असा हिशेब सांगितला जातो. हिशेब जुळतो, आणि नेमका म्हणूनच तो संशयास्पद वाटतो. प्रत्यक्ष साजात मासा आणि कासव आहेत, पण त्यांच्याशेजारी कारले, भुंगा, वाघनख, नाग, चंद्र, शंख आणि बेलपानही आहे. कारल्याला कोणत्याही अवताराच्या रांगेत बसवता येत नाही, आणि बेलपान तर शैवांचे. शिवाय हा साज घालणाऱ्या बायका सगळ्या विष्णुभक्त घरांतल्या नव्हत्या. याच परिसरातील भोज हे दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराजांचे आणि सदलगा हे विद्यासागर महाराजांचे गाव. दिगंबर जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती असलेल्या या पट्ट्यात अष्टमंगल म्हटले की झारी, कलश, आरसा, चवरी, ध्वज, पंखा, छत्र आणि आसन ही जैन परंपरेतली आठ चिन्हे डोळ्यांसमोर येतात. एकच दागिना तिन्ही परंपरांना चालला, कारण घालणारीला पानांचा शास्त्रार्थ नको होता. गळ्याशी, मधोमध, ताईत असणे तिला पुरेसे होते.

ताईत म्हणजे मुळात तांब्याची, चांदीची किंवा सोन्याची छोटी नळी अथवा डबी, जिच्यात मंत्र, यंत्र किंवा कुराणातली आयत लिहिलेला कागद, विभूती अथवा मुळी ठेवून ती गळ्यात, दंडात किंवा कमरेला बांधतात. दर्ग्यातून आणलेला ताईत हिंदू घरातल्या पोराच्या गळ्यात असणे या भागात कधी नवलाचे नव्हते. लहान मुलांच्या बाबतीत तर रक्षणाचा सरंजामच असे : पाचव्या दिवशी पाचवी पुजून सटवाईला मान द्यायचा, कारण ती बाळाचे नशीब लिहिते आणि रुसली तर बाळ नेते, मग मनगटात काळ्या-पांढऱ्या दृष्टमण्यांच्या मनगट्या, कमरेला काळा करगोटा, गालावर काजळाची तीट आणि ऐपत असेल तर सोन्यात किंवा चांदीत मढवलेले वाघनख. हे सारे बाळाच्या अंगाच्या सांध्यांवर आणि उघड्या जागांवरच येते. बालमृत्यू घरोघर घडत असलेल्या काळात आईच्या हाती एवढाच उपाय होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. लस आणि दवाखाना आल्यावरही तो टिकून राहिला, तेव्हा त्याचे स्वरूप मात्र बदलले, आणि आज मनगट्या हौसेने घातल्या जातात.

गळ्यात असलेली प्रत्येक वस्तू ताईत नव्हे, हेही या मुलखात स्पष्ट करून सांगावे लागते. लिंगायत स्त्रीपुरुष चांदीच्या करडिगेत, म्हणजे अंड्याच्या घाटाच्या डबीत, जे इष्टलिंग धारण करतात ते बाधा टाळण्यासाठी नसून रोज तळहातावर घेऊन पूजण्यासाठी असते. ताईतदोऱ्यांच्या मागे लागू नये हीच शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, शिकवण. देवघरातले टाकही ताईत नव्हेत. टाक म्हणजे चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर ठशाने उठवलेली कुलदैवताची वा वीरपुरुषाची छोटी प्रतिमा. मराठा आणि धनगर घरांत घोड्यावरचा खंडोबा, यल्लम्मा, जोतिबा यांचे टाक वडिलोपार्जित असतात, आणि ते यात्रेत मूळ ठाण्याला नेऊन देवाला भेटवून आणण्याची पद्धत आहे. या मुलखातले मंगसुळी हे खंडोबाचे एक मान्यताप्राप्त ठाणे आणि निपाणीजवळचे आप्पाचीवाडी हे हालसिद्धनाथाचे. तिथल्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळे झालेले घोंगडे आणि कपाळ हीच सर्वांत मोठी राखण मानली जाते.

कवडीचा इतिहास मात्र कौतुकाने सांगून संपत नाही. समुद्रातून येणारी ही शिंपली शतकानुशतके चिल्लर नाणे म्हणून चालली, सोंगट्यांच्या पटावर पडली आणि देवीच्या भक्तांच्या गळ्यात व परडीला लागली. यल्लम्मेच्या परंपरेत कवड्यांच्या माळेबरोबर लाल-पांढऱ्या मण्यांची माळही असे, आणि ती मुलीच्या गळ्यात बांधणे म्हणजे तिला देवीला सोडणे. आजारपण, अपत्यहीनता किंवा केसात आलेली जट यांचे निमित्त करून, बहुतेकदा दलित कुटुंबांतल्या अल्पवयीन मुलींना ही माळ बांधली गेली, आणि घरादाराच्या रक्षणाची किंमत त्या एका मुलीने आयुष्यभर मोजली. मुंबई इलाख्याने १९३४ साली आणि कर्नाटक सरकारने १९८२ साली देवदासी सोडण्याविरुद्ध कायदे केले; कायद्याने गुन्हा ठरवली ती माळ बांधण्याची कृती, मण्यांवर बंदी आली नाही, आणि हेच योग्य होते. मण्याला दोष नव्हता. तो कोणाच्या गळ्यात, कोणाच्या इच्छेने आणि कशासाठी बांधला गेला यावर सारे अवलंबून होते. अलंकाराचा अर्थ आकृतीत शोधणाऱ्यांनी हा भाग टाळून पुढे जाता कामा नये.

हीच कवडी बैलाच्या गळ्यात गेली की तिचे रूप प्रसन्न होते. सीमाभागात बैलांचा सण दोनदा येतो : ज्येष्ठ पौर्णिमेला कर्नाटकी बेंदूर आणि आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. कोण कोणता बेंदूर पाळतो हे गावावर आणि घराण्यावर ठरते, राज्याच्या हद्दीवर नव्हे. शिंगे तासून त्यांना हिंगूळ लावतात, टोकांना पितळी शेंब्या चढवतात, गोंडे बांधतात, अंगावर झूल घालतात आणि मानेभोवती कवड्यांची व घुंगरांची माळ व काळा दोरा येतो. बैलाला दृष्ट लागते ही समजूत निव्वळ भावनिक नव्हती. तंबाखूच्या शेतीवर उभ्या असलेल्या या भागात चांगली जोडी ही घरातली सर्वांत महागडी चीज असे, आणि ती एका पावसाळ्यात साथीने गेली तर कर्जाचा फेरा सुटत नसे.

आता ट्रॅक्टरने जोड्या कमी केल्या, इरकल बरीचशी यंत्रमागावर निघते, साज सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळेत मिळतो आणि तरुण मुलींच्या एका पायात बांधलेला काळा दोरा हा नवा ताईत तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजात दिसतो. प्रथा मेलेली नाही, तिची नोंद मात्र झालेली नाही. संग्रहालयांत दागिने आहेत, पण ते कोणी, कोणत्या वयात, कशासाठी घातले याची चिठ्ठी बहुधा त्यांच्यासोबत नाही. साजाची पाने उठवण्याचे जुने ठसे मोडीत निघाले की पानांचे मूळ घाटही कळेनासे होतील. निपाणी, चिकोडी, सदलगा, हुक्केरी परिसरातील ज्या घरांत असे साज, टाक, मनगट्या किंवा कसुतीच्या चंद्रकळा अजून आहेत, त्यांनी त्या विकण्या-आटवण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे, पानांचा क्रम लिहून ठेवावा आणि घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला ती वस्तू कधी व कोणाच्या अंगावर चढली हे विचारून तिच्याच शब्दांत, मराठी असोत की कानडी, उतरवून घ्यावे.