आपल्या आधीचे सभासद

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं. भूमिपूजन, ताबापत्रं, पहिला गणपती हे सगळं इतरांनी लिहिलं आहेच. मी लिहिणार आहे ते इमारतीमागच्या तळ्याबद्दल. गेली पंचवीस वर्षं दर मार्च ते मे मी तिथल्या पक्ष्यांचे फोटो काढतो आहे, आणि या इतिहासात माझी एक चूकही आहे.

आधी थोडं मागे जाऊ. सिडकोची स्थापना १९७० ची. त्याआधी नेरूळ, करावे, सारसोळे या आगरी-कोळी गावांची शेतं, मिठागरं आणि खाजणं इथे होती. खाडीला बांध घालायचा, उघाडीतून पाणी आत-बाहेर करायचं, मीठ पिकवायचं, मासे धरायचे. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला, १९९२ मध्ये रेल्वे खाडी ओलांडून आली आणि शहर वाढलं. मागचं तळं म्हणजे त्या खाजणाचा उरलेला तुकडा.

आपण राहायला आलो तेव्हा ते तळं कोणालाच नको होतं. डास, वास आणि संध्याकाळी साप! २००३ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘सदर तळे भराव टाकून बुजवण्यात यावे’ असं पत्र देण्याचा ठराव आला. तो एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे मीही हात वर केला होता. पत्र गेलं, उत्तर आलं नाही. आपलं नशीब.

तेव्हा माझ्याकडे रोलचा कॅमेरा होता. छत्तीस फोटोंत तीस वेळा नुसते काळे ठिपके यायचे. २००४ च्या मे महिन्यात दोन रोल एकदम धुऊन आणले, एक मार्चचा आणि एक नुकताच काढलेला. मार्चमधले पक्षी राखाडी, मळकट. मेमधले तसेच, तेवढेच, तीच बाकदार चोच, पण अंगावर विटेसारखा लाल रंग. मला वाटलं, लॅबवाल्याने रंग बिघडवले. मग पुस्तकात पाहिलं. ती कर्ल्यू सँडपायपर, म्हणजे बाकदार चोचीची तुतारी. हिवाळ्यातली पिसं टाकून ती लग्नाचा पोशाख घालत होती, आणि हे लग्न लागतं सैबेरियाच्या अगदी उत्तरेला, टुंड्रात.

त्या दिवसापासून तळ्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. यातले काही पक्षी हिवाळाभर ठाणे खाडीतच असतात, काही आणखी दक्षिणेकडून येऊन वाटेत थांबतात. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांचं एकच काम, खाणं. चिखलातले किडे आणि बारीक शिंपले खाऊन अंगावर चरबी चढवायची, कारण पुढचा प्रवास त्याच इंधनावर. छोटा टिलवा तर पंचवीसेक ग्रॅमचा. आपल्या वाटीभर पोह्यांपेक्षाही हलका जीव हिमालय आणि मध्य आशिया पार करून जातो.

मग तळं कशाला? ओहोटीला हे पक्षी खाडीच्या चिखलावर चरतात. भरतीला तो चिखल बुडतो, तेव्हा त्यांना विश्रांतीला उथळ पाणी लागतं. ते आपल्या मागे आहे. वेळेचं गणित मला सारसोळ्याच्या एका कोळीबाबांनी शिकवलं. ‘तिथीची पाऊणपट कर, भरतीची येल आली.’ एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सकाळी सव्वाआठ. ऊन पाठीशी, पक्षी समोर. बांधावर पोटावर पडून राहायचं आणि हलायचं नाही. थवा उडाला तर फोटो झकास येतो, पण पक्ष्याची तेवढी चरबी जळते. म्हणून मी मुद्दाम उडवलेल्या थव्याचा एकही फोटो काढलेला नाही.

मुंबईचा या प्रवाशांशी संबंध जुना आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी डॉ. सलीम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने देशभर पक्ष्यांच्या पायांत कडी घालायचं मोठं काम हाती घेतलं. कड्यावर त्या सोसायटीला कळवा, एवढाच निरोप. ती सोसायटी १८८३ ची. आपण पंचविशीचा समारंभ करतोय, तर हेही लक्षात असू द्या!

पुढे २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. गुलाबी रोहित पक्षी बघायला गाड्या भरून लोक येऊ लागले. पण बारीक राखाडी तुतारीकडे कोण बघतो? २०२४ च्या ऑक्टोबरात याच तुतारीचं नाव जगाच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत ‘असुरक्षित’ गटात गेलं. माझे फोटोही तेच सांगतात. पूर्वी एका चौकटीत मावत नसे असा थवा आता बोटांनी मोजून होतो. एका तळ्यावरून जगाचा हिशोब मांडता येत नाही, हे मलाही कळतं. तळ्याच्या कडेला राडारोडा पडला, खारफुटी पुढे सरकली, हीसुद्धा कारणं असतील.

आता मुद्द्याचं. मागच्या भिंतीवर मोठे दिवे लावायचा विषय यंदा पुन्हा आला आहे. ज्येष्ठांना फिरताना उजेड हवा, हे बरोबरच आहे, मीही आता त्यांच्यातलाच. पण दिव्यांचं तोंड खाली, पायवाटेकडे असावं, पाण्याकडे नको. आणि दुसरं, मी जुनं इतिवृत्त पाहिलं. २००३ चा तो ठराव अजून तसाच उभा आहे, कोणी रद्द केलेला नाही. उद्या तळं बुजवायला कोणी आलं, तर ‘रहिवाशांचीच मागणी होती’ म्हणून आपलंच पत्र आपल्यासमोर धरील.

येत्या सर्वसाधारण सभेत तो ठराव रद्द करावा, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. सूचक म्हणून माझं नाव घालतो. हात मीच वर केला होता, तो मलाच खाली घ्यायचा आहे. अनुमोदक मात्र हवा आहे. इच्छुकांनी एकादशीला सकाळी आठ वाजता बांधावर भेटावं.