पेशींचा केर

आजची गोष्ट सुरू होते मेंढीच्या रक्तापासून.

तांबडी रक्तपेशी पूर्ण तयार होण्याआधी एक-दोन दिवस अर्धीकच्ची असते. तेव्हा तिच्या अंगावर लोह आत ओढून घेणारी प्रथिनं असतात. पेशी पिकली की ती नाहीशी होतात. जातात कुठे? पेशी ती आतल्या आत पचवून टाकत असणार, असाच समज होता. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात बिन-ताओ पॅन आणि रोझ जॉनस्टोन यांना मेंढीची ही प्रथिनं चक्क पेशीबाहेरच्या द्रवात, बारीक पिशव्यांमध्ये सापडली. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला हार्डिंग, ह्यूझर आणि स्टाल यांनी उंदरांच्या रक्तपेशींत तेच पाहिलं. पेशीच्या आत एक मोठी पिशवी, तिच्या पोटात बारक्या पिशव्या. मोठी पिशवी पेशीच्या आवरणाला आतून चिकटते, उघडते, आणि बारक्या बाहेर सांडतात.

१९८७ मध्ये जॉनस्टोनबाईंनी त्यांना 'एक्सोसोम' म्हटलं. नाव भारदस्त, पण पुढची कित्येक वर्षं बहुतेकांच्या लेखी हा पेशीचा केरच होता. नको झालेलं सामान उंबऱ्याबाहेर टाकलं, एवढंच. गंमत म्हणजे त्याआधी १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांनी बिंबिकांमधून (प्लेटलेट्स हो!) सुटणाऱ्या अशाच कणांना 'धूळ' म्हटलं होतं. आणि ती धूळ रक्त गोठायला मदत करत होती! म्हणजे जखम भरण्याच्या पहिल्याच पायरीवर हा केर हजर होता.

मत फिरलं ते हळूहळू. १९९६ मध्ये रापोसो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रतिकारशक्तीच्या पेशी या पिशव्यांमार्फत दुसऱ्या पेशींना जागं करू शकतात. पण मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो २००७ चा स्वीडनमधला प्रयोग. वलदी, लोटवाल आणि मंडळींना या पिशव्यांत आरएनए सापडला. मग त्यांनी उंदराच्या पेशींच्या पिशव्या माणसाच्या पेशींना दिल्या, तर माणसाच्या पेशींत उंदराची प्रथिनं तयार झाली. केराच्या टोपलीत चिठ्ठ्या निघाल्या, आणि शेजाऱ्याला त्या वाचताही येत होत्या! जॉनस्टोनबाई २००९ मध्ये गेल्या, तोवर एवढं त्यांच्या डोळ्यांदेखत झालं.

इकडे मूळपेशीवाले वेगळ्याच कोड्यात अडकले होते. शिरेतून टोचलेल्या मूळपेशी बहुतांशी फुप्फुसांतच अडकतात, थोड्या दिवसांत मरूनही जातात. तरी प्राण्यांमध्ये गुण दिसतो तो कसा? २०१० मध्ये सिंगापूरच्या साई कियांग लिम यांच्या गटाने पेशी बाजूला ठेवून त्यांनी सोडलेल्या फक्त पिशव्या उंदरांना दिल्या, तर हृदयाची इजा कमी झाली. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी नाळेतल्या मूळपेशींच्या एक्सोसोमनी भाजलेल्या उंदरांची कातडी लवकर भरून येते असं दाखवलं. पिशव्यांमधलं 'डब्ल्यूएनटी-४' नावाचं प्रथिन तिथल्या पेशींना वाढायला आणि सरकायला लावत होतं. मधुमेही माणसाची जखम दाहातच अडकून बसते, नव्या रक्तवाहिन्या धड फुटत नाहीत, त्यामुळे या निरोपांकडे सगळ्यांचे डोळे लागले तर नवल नाही.

आमच्या घरातलेही लागले आहेत. काकांच्या तळपायाची जखम चार महिने भरत नाहीये आणि चुलतभावाने एका दवाखान्याची जाहिरात पाठवली आहे : एक्सोसोमची इंजेक्शनं, हमखास गुण. काकूने विचारलंय, सोनं मोडू का?

काकू, उंदराची कातडी भरते ती मुख्यतः आकसून. माणसाची तशी भरत नाही. पिशव्या कुठल्या पेशींच्या, कशा वाढवलेल्या, यावर आतला माल बदलतो. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने नेब्रास्कात अशा उत्पादनांनी रुग्णांना गंभीर अपाय झाल्यावर जाहीर इशारा दिला होता आणि मान्यता मिळालेलं एकही एक्सोसोम उत्पादन नाही, असं तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं. साखर ताब्यात ठेवणं, पायावर भार न देणं, मेलेलं मांस वेळच्या वेळी काढून घेणं, पायाचा रक्तपुरवठा तपासून घेणं हे कंटाळवाणं आहे, पण आज हातात आहे ते हेच. सोनं राहू दे.

चुलतभावाला मी त्या दवाखान्याला दोन प्रश्न विचारायला सांगितलेत : पिशव्या कुठल्या पेशींच्या, आणि ही चाचणी असेल तर ती नोंदवली कुठे? आठवडा झाला, उत्तर आलेलं नाही.