तबकडीतला नाशिकचा आवाज

सिन्नर येथील एका कुटुंबात घराच्या आशीर्वादासाठी गेलो होतो. ओट्यावर भंगारवाल्यासाठी काढून ठेवलेले सामान होते. त्यात एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांची पेटी दिसली. आजोबा निवर्तल्यापासून ती कोणी उघडलीच नव्हती. सर्वांत वरची तबकडी पंडित द. वि. पलुस्कर यांची होती. "एकदा लावून पाहू या," मी म्हटले. नातवाने सुई टेकविली. थोडी खरखर झाली आणि खोलीत एक निर्मळ, गोड आवाज उमटला. स्वयंपाकघरातून आजी बाहेर आल्या आणि काही न बोलता बसून राहिल्या.

तो आवाज आपल्याच जिल्ह्यातला. सिन्नरपासून तीसेक किलोमीटरवरील नाशिक येथे १९२१ साली दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांचा जन्म झाला. लाहोर येथे १९०१ साली गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे पंडित विष्णू दिगंबर हे त्यांचे वडील. १९३१ साली पितृछत्र हरपले, तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास या पित्याच्याच शिष्यांनी त्याला पुढे शिकविले. १९४४ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९५२ च्या 'बैजू बावरा' चित्रपटात ते उस्ताद अमीर खाँ यांच्यासमवेत गायले. १९५५ साली, अवघ्या ३४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्या पिढ्यांना ते भेटले ते मुख्यत्वे ध्वनिमुद्रणांतूनच.

आपल्या देशात तबकड्यांसाठी गायकांचे आवाज टिपण्याचे काम १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास सुरू झाले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी तेथे गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. त्याच वर्षी या कंपनीने रोममध्ये सिस्टाइन चॅपेलच्या गायकांचेही आवाज टिपले होते. त्या तबकड्या लाखेच्या असत. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूस सुमारे तीन मिनिटे गाणे! तासभर राग आळविणाऱ्या गवयाला तेवढ्यातच तो उभा करावा लागे. पलुस्करांनी हे बंधन इतक्या सहजतेने पेलले, की ऐकणाऱ्याला काही राहून गेल्यासारखे वाटत नाही. १९४८ साली अमेरिकेत व्हिनाईलची, ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. पुढे पलुस्करांची तीन-तीन मिनिटांची गाणीही अशा तबकड्यांवर एकत्र आली. सिन्नरच्या पेटीतली तबकडी त्यांपैकीच होती.

१९८० च्या दशकात घरोघरी कॅसेट आली, मागून सीडी आली, आता सारे संगीत मोबाइलमध्ये सामावले आहे. तरीही २०२२ साली अमेरिकेत सीडीपेक्षा व्हिनाईलच्या तबकड्या अधिक संख्येने विकल्या गेल्या. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. हे केवळ जुन्याचे वेड नव्हे. मोबाइलवरचे गाणे आपल्या कामांच्या मागे वाजत राहते. तबकडीसाठी मात्र आपल्याला उठावे लागते. ती पाकिटातून जपून काढावी, पुसावी, सुई अलगद टेकवावी, आणि एक बाजू संपली की पुन्हा उठून ती उलटावी. एवढे कष्ट घेतलेला मनुष्य मग मन लावून ऐकतो. आणि घरात एकच यंत्र असल्याने सारे मिळून ऐकतात.

त्या दिवशी तसेच झाले. पहिली बाजू संपली. खोलीत क्षणभर शांतता पसरली. "हे रविवारी मिस्साहून आले की हीच लावायचे," आजी म्हणाल्या. नातवाने आजोबांविषयी प्रथमच काही विचारले, आणि बराच वेळ आजी बोलत राहिल्या. मग त्याने आपण होऊन तबकडी उलटली.

पेटी भंगारात गेली नाही. आपल्या माळ्यावर अशी एखादी पेटी असेल, तर वाचकहो, तबकड्या उन्हापासून दूर, उभ्या ठेवा, मऊ फडक्याने पुसा. आणि एखाद्या रविवारी सर्वांनी मिळून ऐका.