हिंदू धर्म : श्रद्धा व आचार (मुळशी-मावळ परिसराच्या संदर्भात)

भारतीय उपखंडात वाढलेली प्राचीन धर्मपरंपरा. तिला एक संस्थापक, एक ग्रंथ किंवा सर्वांवर हुकमत चालवणारे एक धर्मपीठ नाही. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत हिंदूंचे प्रमाण सुमारे 79.8 टक्के होते. मतापेक्षा आचाराला अधिक महत्त्व असल्याने सामान्य माणसाला हा धर्म घर, कूळ, गाव आणि पंचांग यांतून कळतो. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात नेरे, मारुंजी, हिंजवडी हा पट्टा आहे. तेथे संगणक कंपन्या आल्या, तरी ही रचना टिकून आहे.

तत्त्वविचार : चार वेद, उपनिषदे, महाकाव्ये व पुराणे हा या परंपरेचा ग्रंथाधार. कर्माचे फळ भोगावेच लागते, त्यासाठी पुनर्जन्म घडतो आणि या फेऱ्यातून सुटणे म्हणजे मोक्ष, ही धारणा बहुतेक संप्रदायांना मान्य आहे. ईश्वराच्या स्वरूपाबद्दल मात्र अद्वैत, विशिष्टाद्वैत, द्वैत असे मतभेद आहेत. धर्म, अर्थ, काम व मोक्ष हे चार पुरुषार्थ. ज्ञान, कर्म व भक्ती हे प्रमुख मार्ग. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये (इ. स. 1290) गीतेवर मराठीत टीका लिहिली आणि हा विचार संस्कृत न जाणणाऱ्यांसाठी खुला केला.

दैवते : देवघरात पंचायतनाच्या मूर्ती किंवा कुळाच्या देवांचे टाक असतात. कुलदैवत वंशपरंपरेने येते. जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, कार्ल्याची एकवीरा ही त्यांपैकी काही. लग्नानंतर नवदांपत्य कुलदैवताच्या दर्शनास जाते. अनेक घरांत जागरण-गोंधळ घालतात. ग्रामदैवत साऱ्या गावाचे असते. हिंजवडी-वाकड येथील म्हातोबाचा उत्सव चैत्र पौर्णिमेस भरतो. त्यात बगाडाची (उंच खांब उभारलेल्या गाड्याची) मिरवणूक निघते आणि गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचले जातात. पुण्याभोवतीच्या अशा ग्रामदेवतांचा माग दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (1962) या ग्रंथात घेतला.

वारकरी आचार : देहू व आळंदी ही दोन्ही क्षेत्रे पुणे जिल्ह्यात असल्याने येथील भक्तीवर वारकरी संप्रदायाची छाप आहे. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपवास, मद्यमांसाचा त्याग, नित्य हरिपाठ आणि पंढरीची वारी हे माळकऱ्याचे नेम. ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी देहूहून, ज्ञानोबांची आळंदीहून निघते. आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी लावली. काकडा, कीर्तन व काल्यासह होणारा अखंड हरिनाम सप्ताह ही गावोगावची सामुदायिक उपासना. ग्रामदैवताला बकऱ्याचा मान देणारे घर आणि माळकरी घर एकाच आळीत, प्रसंगी एकाच कुटुंबात नांदतात.

संस्कार व सण : शास्त्रांत सोळा संस्कार सांगितले असले, तरी व्यवहारात बारसे, जावळ, काही जातींत मुंज, विवाह आणि अंत्यविधी हेच प्रामुख्याने उरले आहेत. देवक बसवणे, हळद, अंतरपाट, मंगलाष्टके व सप्तपदी हे विवाहाचे टप्पे. मृत्यूनंतर दहाव्याला पिंडदान होते. कावळा शिवेपर्यंत घरचे थांबतात. भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांना जेवू घालतात. महाराष्ट्रात अमान्त महिने व शालिवाहन शक चालत असल्याने वर्षाचा आरंभ गुढीपाडव्याने होतो.

टीका व सुधारणा : जातिभेद व अस्पृश्यता यांना धर्माचा आधार दिला गेला, चोखामेळ्यासारख्या संतालाही विठ्ठलाच्या देवळाबाहेर राहावे लागले. महात्मा फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापून पुरोहिताविना विवाहाची प्रथा सुरू केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली 1930 मध्ये नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 मध्ये पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले झाले. तरीही आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

कायद्यातील स्थान : हिंदू विवाह अधिनियम, 1955 हा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे, जेथे सप्तपदीची प्रथा आहे, तेथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये सत्संगी (स्वामीनारायण) पंथाच्या खटल्यात हिंदू कोणाला म्हणावे याचा विचार केला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी तेव्हा लोकमान्य टिळकांची व्याख्या आधाराला घेतली : वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची विविधता आणि उपास्याबद्दल ठरावीक नियम नसणे. पुढे 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने अमानुष अघोरी प्रथांना शिक्षा ठरवली. मात्र यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन यांना त्यातून स्पष्टपणे वगळले.